डायपर आणण्याआधी एक वही आणा : उतारवयात लघवीवरचा ताबा का सुटतो?

लग्नघरी पोचल्यावर आजी आधी बाथरूम कुठे आहे ते पाहून ठेवते. खुर्ची कडेची धरते. साडी गडद रंगाची, पर्समध्ये घडी केलेलं सुती फडकं. कुणी पन्ह्याचा ग्लास पुढे केला की म्हणते, ‘नको गं, आत्ताच प्याले.’ हळूहळू ती भजनी मंडळ सोडते, मग इंदूरच्या खजराण्याच्या गणपतीला जाणं सोडते, मग सानंद संस्थेचं नाटक. कारण मध्यंतरात स्वच्छतागृहापुढे रांग असते. विचारलं तर गुडघ्यांचं कारण सांगते. आजोबांचं दुखणं रात्री दिसतं. चार-चार वेळा उठणं, भिंतीला धरून चालणं, सकाळी सुनेच्या आधी उठून चादर स्वतःच भिजत घालणं.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचं कार्ड मिळू लागलं आणि इंदूरमध्येही घरोघरी म्हाताऱ्यांच्या आजारपणाचा विषय निघाला. सोय मोठी आहे, पण ती भरती झाल्यावरची. लघवी सुटणं हा भरती होण्याचा आजार नाही. त्याचा निकाल ओपीडीत आणि घरात लागतो आणि तिथे तर कुणी तोंडच उघडत नाही. म्हातारी माणसं लाजेनं सांगत नाहीत, डॉक्टर गर्दीत विचारत नाहीत आणि घरचे मेडिकलवरून डायपरचं पाकीट आणतात. म्हणजे तपासणीच्या आधीच निकाल.

मूत्राशय चालतं कसं

मूत्रपिंडं दिवसभरात साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. ती मूत्राशयात साठते. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. रिकामी असताना चिमटलेली, भरताना सैल होत जाणारी. दीडशे-दोनशे मिलीलिटर साठलं की पहिली जाणीव होते, चारशे-पाचशेला ‘आता गेलंच पाहिजे’ असं वाटतं. पिशवीच्या तोंडाशी एक झडप असते आणि खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू झोळीसारखा आधार देतात. भरताना पिशवी ढिली आणि झडप आवळलेली. रिकामं करताना नेमकं उलट. या दोन्हींवर मेंदू लक्ष ठेवतो. ‘थांब, अजून जागा मिळालेली नाही’ हा हुकूम त्याचाच.

वयानुसार यात बदल होतात. पिशवीत मावतं कमी, ती मध्येच अवेळी आवळते, रात्री लघवी जास्त बनते, पाळी गेल्यावर बायकांच्या मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते. पण हे बदल झालेली कितीतरी माणसं शेवटपर्यंत कोरडी राहतात. वयानं शिल्लक कमी होते. दिवाळं निघायला आणखी काहीतरी लागतं. ते ‘आणखी काहीतरी’ बरेचदा सापडतं आणि दुरुस्तही होतं.

चार तऱ्हा, चार वेगळे उपाय

नळाचा वॉशर झिजला की नळ बंद असूनही जोर आला की पाणी येतं. खोकला, शिंक, हसणं, पाण्याची बादली उचलणं यांनी थोडीशी लघवी सुटते ती ही तऱ्हा. बाळंतपणं झालेल्या बायकांत नेहमीची, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांतही दिसते.

दुसरीत झडप ठीक असते, पिशवीच अचानक आवळते. कुलूप उघडताना, नळाचा आवाज ऐकताना एकदम घाई होते आणि बाथरूमच्या दारात कपडे ओले होतात. म्हातारपणी ही सर्वांत जास्त आढळते आणि घातकही हीच, कारण माणूस अंधारात धावतो. घाईनं लघवी सुटणाऱ्या वृद्ध स्त्रियांत पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण जास्त असतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

तिसरी तऱ्हा इंदूरकरांना लगेच कळेल. नर्मदेचं पाणी आलं, मोटर लावली आणि विसरलो की गच्चीवरची टाकी ओसंडते. मूत्राशय पूर्ण रिकामंच होत नसेल तर वरचं थेंब थेंब सांडत राहतं. प्रोस्टेट, जुना मधुमेह, घट्ट बद्धकोष्ठ ही कारणं. इथे गळती दिसते, पण रोग आहे तुंबण्याचा, म्हणून उपाय उलटा. मूत्राशय शांत करणारी गोळी इथे दिली तर लघवी साफ अडकू शकते.

चौथीत मूत्राशयाचा दोष जवळजवळ नसतोच. गुडघे वाकत नाहीत, नाडीची गाठ सुटत नाही, संडास अंगणापलीकडे आहे, किंवा बाथरूम कुठे हेच आठवत नाही. एका माणसात दोन तऱ्हाही एकत्र असतात.

‘वय झालं की होणारच ना?’

डॉक्टरही एकेकाळी हेच म्हणत. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या गरीब-निराधारांच्या दवाखान्यातले सातशेहून जास्त जुने रुग्ण आले. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेले, त्यांतले कितीतरी ओल्या बिछान्यात. डॉ. मार्जरी वॉरन यांनी एकेकाला तपासलं, गट पाडले, खाटेवरून उठवलं, चालवलं; पुष्कळजण घरी गेले. वृद्धवैद्यक ही शाखा इथून उभी राहिली.

ग्लासगोचे डॉ. जॉन ब्रॉकलहर्स्ट यांनी तर ज्या विषयाला कुणी हात लावत नव्हतं तोच धरला. १९५१ मध्ये, तिशीही गाठलेली नसताना, वृद्धांच्या या तक्रारीवर त्यांनी आख्खं पुस्तक लिहिलं. पुढे ते मँचेस्टरला या शाखेचे प्राध्यापक झाले. साठच्या दशकात त्यांनी आणि डिलेन यांनी अशा वृद्ध स्त्रियांच्या मूत्राशयातला दाब मोजला ज्यांना लघवी सुटण्याची तक्रारच नव्हती. त्यांच्यातही अवेळी आवळणारी मूत्राशयं सापडली. वर शिल्लक आणि दिवाळं म्हटलं त्याचा आधार हा. बिघाडाच्या खुणा असूनही त्या कोरड्या होत्या. ग्लासगोच्याच बर्नार्ड आयझॅक्स यांनी म्हातारपणाचे चार राक्षस सांगितले : खिळून राहणं, पडणं, ताबा सुटणं आणि बुद्धी मंदावणं. चौघे एकमेकांना हात देतात. घाई झालेला माणूस पडतो, पडलेला खिळतो, खिळलेल्याची लघवी बिछान्यात होते.

आपल्याकडे ही शाखा चेन्नईत डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी रुजवली. २०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांची ओपीडी आणि दहा खाटांचा वॉर्ड अपेक्षित आहे. स्वतंत्र वृद्धतज्ज्ञ मिळाले नाहीत तरी चांगला फिजिशियन पुरतो, फक्त पुढची माहिती हातात घेऊन जायला हवं.

आधी गोळ्यांची पिशवी उपडी करा

सुरुवात अलीकडची असेल, गेल्या काही दिवसांतली किंवा महिन्या-दोन महिन्यांतली, तर त्या सुमारास काय बदललं ते शोधा. बरेचदा उत्तर औषधाच्या पिशवीत असतं.

रक्तदाबासाठी रॅमिप्रिलसारखी गोळी सुरू झाली, तिनं कोरडा खोकला लागला आणि खोकल्यानं लघवी सुटू लागली. इथे मूत्राशयाचं औषध कशाला, रक्तदाबाची गोळी बदलायची. अ‍ॅम्लोडिपिननं पाय सुजतात. दिवसभर पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि माणूस रात्रभर उठतो. फ्युरोसेमाइडसारखी ‘पाण्याची गोळी’ तर लघवी वाढवण्यासाठीच असते. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी लघवीतून साखर बाहेर काढते, तिच्यासोबत पाणीही जातं आणि जागा चिघळते, खाज सुटते. प्राझोसिनच्या जातीची औषधं झडप सैल करतात. पुरुषांना त्यानं मोकळं होतं, बायकांची गळती वाढू शकते. झोपेच्या गोळीनं जाणीवच उशिरा होते. आणि सर्दीची साधी गोळी, क्लोरफेनिरामिन असलेली, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी एका रात्रीत अडकवू शकते. ती मेडिकलवरून न विचारता आणली जाते, म्हणून मुद्दाम सांगणं.

यातली एकही गोळी मनानं बंद करू नका. सगळ्या पट्ट्या, सर्दीच्या आणि आयुर्वेदिक गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

दुसरं दडलेलं कारण म्हणजे बद्धकोष्ठ. गुदाशयात घट्ट मळ साचला की तो मूत्राशयाला दाबतो. कधी त्या खड्याच्या बाजूनं पातळ पाणी झिरपतं, घरच्यांना जुलाब वाटतात, ते जुलाब थांबवायची गोळी देतात आणि खडा आणखी घट्ट होतो. इसबगोल घ्यायचं तर वर पुरेसं पाणी हवंच. नाहीतर तेही आत बसून राहतं.

तीन दिवसांची वही

सगळ्या महागड्या तपासण्यांच्या आधीची, जवळजवळ फुकटची तपासणी ही. पाचशे मिलीलिटरच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग, एक वही, पेन. बाथरूममध्ये दोरीनं टांगून ठेवा. सलग तीन दिवस, चोवीस तास, पाच रकाने भरायचे : वेळ, किती आणि काय प्यायले, किती लघवी झाली, कपडे ओले झाले का, थोडे की पूर्ण, आणि त्या वेळी काय चाललं होतं. ‘खोकला आला’, ‘दार उघडत होते’, ‘कळलंच नाही’ एवढं पुरे. मगात धरणं जमत नसेल तर निदान वेळ आणि ओलं-कोरडं लिहा. लग्नाकार्याचे, प्रवासाचे दिवस टाळा.

आता ती वही वाचायची कशी? समजा चोवीस तासांत एकूण १५०० मिलीलिटर झाली. रात्री झोपायला गेल्यापासूनची सगळी आणि सकाळची पहिली मिळून ७०० भरली. म्हणजे जवळजवळ निम्मी रात्री. उतारवयात रात्रीचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असला तर ठीक. त्याहून जास्त असेल तर दोष पिशवीचा नसून रात्री लघवी जास्त बनण्याचा आहे. घोट्यावर अंगठा दाबून धरा. खळगा राहिला तर पायात पाणी आहे. दुपारी तासभर उशीवर पाय उंच करून पडणं, मीठ कमी, आणि पाण्याची गोळी दुपारी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारणं, एवढ्यानं रात्रीच्या फेऱ्या घटू शकतात. घोरणं जोरात असेल, मध्येच श्वास अडकत असेल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्यानंही रात्रीची लघवी वाढते.

दुसऱ्या वहीत दर तासाला साठ-सत्तर मिलीलिटर दिसतं. इथे दोन शक्यता : पिशवी उतावळी आहे, किंवा ती रिकामीच होत नाही. फरक पाहायला लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करतात आणि आत किती उरली ते मोजतात. पन्नास-शंभरपर्यंत चालतं, दोनशेच्या पुढे गेलं की तुंबणं धरायचं. सोनोग्राफीसाठी तासभर पाणी पाजून पोट तट्ट फुगवलं की हा आकडा खोटा वाढतो. शंका असेल तर पुन्हा मोजायला सांगा.

तिसऱ्या वहीत दिवसाला तीन-साडेतीन लिटर. आधी साखर तपासा.

व्यायाम : करणारे बरेच, बरोबर करणारे थोडे

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. चारचौघांत गॅस रोखताना आपण जे आवळतो, तोच स्नायू. आवळून वर ओढायचा, सहा ते आठ सेकंद धरायचा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचा. असं आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच धरता आलं तर तेवढंच. आधी आडवं पडून, मग बसून, मग उभ्यानं. पहिला फरक कळायला सहा-आठ आठवडे लागतात, पुरता निर्णय तीन महिन्यांनी. पंधरा दिवसांत ‘काही होत नाही’ म्हणून सोडतात, तिथेच फसतं.

चुका ठरलेल्या आहेत. श्वास रोखणं, ढुंगण आणि मांड्या आवळणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे पोटातून खाली कुंथणं, त्यानं झोळी आणखी सैल होते. पोटावर हात ठेवा. तो हलता कामा नये. लघवीची धार मध्येच तोडून व्यायाम करायचा नाही. स्नायू ओळखायला एखादे वेळी ठीक, रोज केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. जमलं की शिंक यायच्या क्षणी आवळायची सवय लावा.

उतावळ्या पिशवीला वेळेची शिस्त लावतात. वहीत दोन फेऱ्यांमधलं नेहमीचं अंतर एक तास असेल तर आठवडाभर घड्याळ लावून दर तासाला जायचं, घाई असो वा नसो. कोरडं राहिलं की पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं वाढवायची. असं तीन तासांपर्यंत. मध्येच घाई आली तर धावायचं नाही. थांबा, बसा, तोच स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळा, लाट ओसरू द्या, मग चालत जा. ऐकायला उलटं वाटतं, पण लाट खरंच ओसरते. किमान सहा आठवडे द्या. तुंबणाऱ्या मूत्राशयाला मात्र ही शिस्त लावू नका. तिथे एकदा झाल्यावर मिनिटभर बसून, थोडं पुढे वाकून दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा.

‘पाणी कमी प्यायलं की प्रश्नच मिटला’

मिटत नाही, बिघडतो. गडद, दाट लघवी मूत्राशयाला झोंबते आणि घाई वाढते, बद्धकोष्ठ होतं, माळव्याच्या मे महिन्यात तर चक्कर येऊन पडणं ठरलेलं. दिवसात सहा ते आठ पेले हवेतच, फक्त जास्त वाटा सकाळी नि दुपारी, आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास घोटभरच. संध्याकाळचा चहा आधी बंद करून पाहा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच खरं.

‘रिपोर्टमध्ये इन्फेक्शन आलंय’

जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं अचानक सुरू झालं असेल तर जरूर उपचार. पण वृद्धांच्या लघवीत काहीही त्रास न देता जंतू असणं अगदी नेहमीचं आहे. जुनी गळती आणि कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू, एवढ्यावर अँटिबायोटिक घेतलं तर गळती थांबत नाही. जुलाब होतात आणि पुढच्या खऱ्या इन्फेक्शनला ते औषध निकामी ठरतं. वास येतो म्हणूनही कोर्स नको. वास बहुधा पाणी कमी पडल्याचा असतो.

गळतीच्या गोळ्यांबद्दलही थोडं. ऑक्सिब्युटिनिनच्या जातीची गोळी उतावळी पिशवी शांत करते, पण तोंड कोरडं पाडते, मळ घट्ट करते आणि विसरभोळ्या माणसाचा गोंधळ वाढवते. मिराबेग्रॉनमध्ये हे कमी, पण रक्तदाबावर लक्ष हवं. दोन्ही वहीनंतर आणि आत किती उरते ते पाहिल्यानंतरच.

घर बदला, थोडंसंच

पलंगापासून बाथरूमपर्यंत स्वतः चालून पाहा, रात्री, दिवा न लावता. पायपुसणी सरकते का, उंबरठा दिसतो का, कडी वर आहे का. वाटेत रात्रभर एक छोटा दिवा. नाडीऐवजी इलॅस्टिक, बटणांच्या जागी चिकटपट्टी. कमोड ठेंगणा असेल तर वर बसवायची उंच सीट मिळते; बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. शेजारी भिंतीत पक्का दांडा. टॉवेलचा रॉड वजन पेलत नाही. रात्रीपुरती पलंगाजवळ कमोडची खुर्ची किंवा युरिन पॉट. देवघराच्या शेजारी ती कशी ठेवायची, असा प्रश्न जुन्या वाड्यांत येतो. मध्ये पडदा लावा, सकाळी उचला. कंबरेचं हाड मोडण्यापेक्षा ते सोपं.

‘मग डायपर लावायचाच नाही का?’

लावा. प्रवासाला, बाहेर पडायला, उपचार लागू होईतो. फक्त कारण शोधायचं सोडून नको. चालणाऱ्या माणसाला चड्डीसारखा वर ओढायचा, झोपून असणाऱ्याला बाजूनं चिकटपट्ट्यांचा. थेंबभर गळतीला छोटं पॅड पुरतं. माप कंबर आणि नितंब यांत जे मोठं असेल त्याचं. सैल असला की मांडीतून गळतो. मळ लागला तर त्याच क्षणी बदला. ओल्या कातडीला साबणानं घासू नका. कोमट पाण्यानं धुवा, टिपून कोरडी करा, झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्या. पावडर नको, तिचे घडीत गोळे होतात. माकडहाडावरचा लाल डाग बोटानं दाबून पांढरा होत नसेल तर ते शय्याव्रण, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालेलं आहे. त्याच दिवशी दाखवा.

कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात ठेवायची नळी, ही मात्र सोयीसाठी मागू नका. लघवी अडकली असेल, किंवा व्रण ओलाव्यानं भरत नसेल तर तिची जागा आहे. दर दिवसागणिक जंतूंची शक्यता वाढते. हॉस्पिटलातून घरी येताना नळी असेल तर ‘का घातली आणि कधी काढायची’ हे कागदावर लिहून घ्या. न विचारल्यामुळे ती महिनोन्महिने राहते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. दोन तृतीयांश भरली की रिकामी. खुर्चीवर बसवताना ती मांडीवर ठेवली की लघवी उलटी जाते.

विसरणाऱ्या माणसाला ‘सांगायला काय झालं होतं?’ विचारून उपयोग नाही. जागेपणी दर दोन तासांनी जवळ जाऊन विचारा, ‘कपडे कोरडे आहेत का? जायचं का लघवीला?’ हो म्हटलं तर नेऊन आणा, कोरडं राहिल्याबद्दल कौतुक करा, नाही म्हटलं तर ओढाताण नको. बाथरूमच्या दारावर मोठं चित्र लावा आणि दार उघडं ठेवा, कमोड दिसला पाहिजे.

डॉक्टरांकडे कधी, आणि काय म्हणायचं

लघवी पूर्ण अडकली, किंवा कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, मांड्यांमध्ये बधिरपणा आला, तर त्याच रात्री हॉस्पिटल. एरवी समंजस असलेला माणूस दोन दिवसांत भ्रमिष्टासारखा बोलू लागला आणि सोबत लघवी सुटली, तरीही थांबू नका. लघवीत रक्त, एकदाच आणि न दुखता दिसलं तरी, त्या आठवड्यात तपासणी.

एरवी वेळ घेऊन जा. सोबत वही, गोळ्यांची पिशवी, जुने कागद. आजीबरोबर मुलगा नव्हे, ज्या बाईशी ती मोकळेपणी बोलते ती जावी. आणि ‘बाथरूमचा जरा त्रास आहे’ असं म्हणू नका. त्यावर डॉक्टर जळजळीची गोळी लिहून पुढचा पेशंट बोलावतात. सरळ सांगायचं : ‘लघवी सुटते. आठवड्यातून चार वेळा. दारापर्यंत पोचता पोचता. ही तीन दिवसांची वही.’